शिकायतीचं समाधान

नगरपालिकेत उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअर, म्हणून मला आता पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गावात माझ्याविषयी एकच गोष्ट ठामपणे बोलली जाते: ही बाई संत्री टाकल्याशिवाय सही करत नाही. ठेकेदार हे चिडून सांगतात, मी अभिमानानं सांगते. मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यातली पांढुर्णा आणि सौंसर, दोन्हीकडे माझी नोकरी झाली आहे. पुढची हकिकत त्यातल्या कुठल्या गावची, ते मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांचं काही अडणार नाही.

संत्र्यांचं असं आहे. जमिनीखाली सीवरची लाइन टाकली, की ती नीट उतारावर बसली आहे का हे पाहायला नियमात गोळा सोडायची पद्धत आहे. वरच्या चेंबरमधून पाण्याबरोबर एक गुळगुळीत गोळा सोडायचा. तो खालच्या चेंबरमध्ये निघाला, की लाइन पास. आमच्याकडे हा गोळा दोनदा मागवला. पहिला पोट्ट्यांनी खेळायला नेला. दुसरा कोणाच्या घरच्या शोकेसमध्ये जाऊन बसला ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही. तिसरा मागवायचा तर कागद हलायला वर्ष जाणार. मग मी संत्री वापरायला लागले.

माझं माहेर रामाकोन्याकडचं, भावाची बाग आहे. पोळ्यानंतर बागेत फळांची गळ सुरू होते. लिंबापेक्षा जरा मोठी, अवेळी पिवळी पडलेली फळं झाडाखाली पडून राहतात. व्यापारी त्यांना विचारत नाही, गाय हुंगून सोडून देते. भाऊ मला त्यांचं पोतं पाठवतो. एका वेळी बारा संत्री वरून सोडायची, खाली जाळी लावायची आणि मोजायची. बारा आली तर सही. अकरा आली तर बारावं कुठं अडलं ते सापडेपर्यंत जेवण नाही. संत्रं तरंगतं, चेंबरच्या अंधारात दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या ओळखीचं नसतं. ठेकेदाराचा चहा पिऊन ते वर चढत नाही.

सुरुवातीला लोक हसले. "मॅडम, नालीले परसाद चढवून राहिल्या का?" असं एका पार्षदानं, म्हणजे नगरसेवकानं, भर बैठकीत विचारलं होतं. त्याच्याच वॉर्डात मी त्या आठवड्यात सात संत्री अडकवून दाखवली, तेव्हापासून तो माझ्या बाजूचा झाला. हे सगळं सांगायचं कारण, मी माझ्या कामात कच्ची नाही, हे तुम्हाला आधी कळावं. कारण पुढं जी चूक झाली ती माझी आहे, आणि ती मी एकदाच, पण अगदी पोटभर केली.

ज्या गल्लीची ही गोष्ट ती रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे. पंचवीस-तीस घरं. बहुतेक बायका सकाळी सातला निंदणाला नाहीतर तोडणीला जाणाऱ्या. गल्लीच्या मध्यावर एक बसकं घर आहे, रस्त्यापेक्षा दीड पायरी खाली. रस्ता दर चार वर्षांनी नवा होतो आणि वर चढतो, घर आपलं जागच्या जागी. त्या घराच्या पुढच्या खोलीत अंगणवाडी भरते. घर ज्यांचं त्याच तिथल्या सहायिका. घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, त्यांचे हातपाय धुवायचे, खिचडी वाढायची, पेंगणाऱ्याला उचलून चटईवर ठेवायचं, हे काम त्या वीसेक वर्षांपासून करत होत्या. गल्ली त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही मावशी म्हणते. वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. एक कान जड, गुडघे गेलेले, बाकी बाई खणखणीत.

त्यांच्या गल्लीत नवी लाइन पडली, घरं जोडली गेली, उघड्या नाल्या बुजवल्या. सगळे खूश. महिनाभरात मावशींच्या मोरीतून काळं पाणी वर यायला लागलं. आधी सकाळी थोडं, मग रोज, मग मोरी ओलांडून अंगणवाडीच्या खोलीत. मी पाहायला गेले तेव्हा चटया दोरीवर वाळत होत्या आणि लेकरं शेजारच्या ओट्यावर बसली होती.

"पाहा जी मॅडम, तुमची नवी लाइन," मावशी म्हणाल्या. "पहिले घान बाहेर होती, आता घरात येऊन राहिली. इकडे गल्ली आंघोळीले बसली, का तिकडे माह्या घरात नदी."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका दोन दिवसांआधी येऊन गेल्या होत्या आणि लेखी सांगून गेल्या होत्या. दिवाळीपर्यंत जागा कोरडी झाली नाही, तर अंगणवाडी रुळांपलीकडच्या शाळेतल्या एका खोलीत हलवायची. पर्यवेक्षिकांचं काही चुकत नव्हतं. घाण पाण्यात कोणाची लेकरं बसवायची? पण रुळांपलीकडे जायचं म्हणजे उंच पादचारी पूल, नाहीतर मोठा फेरा.

"मी त त्या पुलावर चढू नाही शकत," मावशी म्हणाल्या. "म्हंजे माहं काम गेलंच समजा. पन माहं जाऊ द्या. हे लेकरं कोन नेईन तिकडे? याईच्या मायबाया याईले संगं वावरात नेतीन, धुऱ्यावर झोपवतीन. मागं एका पोरीले इंचू चावला होता तसा."

मी त्यांना शब्द दिला, की दिवाळीच्या आत ही खोली कोरडी करून देईन. असा शब्द मी सहसा देत नाही. आणि तिथंच बसून, माझ्या फोनवरून, त्यांच्या नावानं आणि त्यांच्या नंबरावर, राज्याच्या तक्रार नोंदणीत शिकायत टाकून दिली. आमच्याकडे तक्रारीला शिकायतच म्हणतात. ही पद्धत मला पसंत आहे, अजूनही आहे. शिकायत वर नोंदली जाते, खाली आमच्याकडे येते, आम्ही काम केलं असं लिहितो, आणि मग वरून एक मुलगी शिकायत करणाऱ्याला फोन करून विचारते, की खरंच झालं का? तो हो म्हणाला तरच शिकायत बंद होते. म्हणजे शेवटचा शब्द साहेबाचा नाही, ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याचा. याहून बरं काय असू शकतं?

ठेकेदाराचा एक तरुण साइट इंजिनिअर होता, दूरच्या जिल्ह्यातून आलेला, हिंदी बोलणारा, कामसू पण घाईचा. त्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी आणून गल्लीतले सगळे चेंबर उपसून काढले, कोरड्या मोरीचा फोटो काढला आणि काम झालं असं कळवलं. चार दिवसांनी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मी स्वतः वाचलं: शिकायतकर्ता से बात हुई, समाधान हो गया, शिकायतकर्ता संतुष्ट. मला बरं वाटलं. म्हटलं, चोक-अप असेल, निघाला.

त्याच आठवड्यात लाइनच्या लोकार्पणाचा कार्यक्रम ठरला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या भागात कार्यक्रमांना आणि साहेबांना तोटा नाही. सगळ्या वॉर्डांत माझी संत्री फिरून झाली होती, हीच एक गल्ली राहिली होती. मुख्य नगरपालिका अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, पूर्णतेचं प्रमाणपत्र पुढं सरकवत म्हणाले, "मॅडम, जिसकी शिकायत थी वो खुद कह रही है समाधान हो गया. अब संतरों से भी पूछोगी क्या?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. न तपासता केलेली ती माझी पहिली सही.

आठ-दहा दिवसांनी त्या बाजूला गेले तर लेकरं पुन्हा ओट्यावर, आणि मावशी घमेल्यानं खोलीतलं पाणी उपसत होत्या. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईसाठी मी धावपळ केली तिनंच मला तोंडघशी पाडलं, असं वाटलं. रस्त्यावरूनच ओरडले, "मावशी, फोनवर हो म्हणून दिलं अन् आता पाणी काढून राहिल्या? तुमच्या भरवशावर माझी सही गेली ना!"

"कोनतं हो म्हटलं म्या?"

"वरून फोन नव्हता आला?"

"आला होता. नालीचं कोनी काही नाही विचारलं."

"खोटं कशाला बोलता?" मी म्हटलं. "तुम्ही समाधान झालं म्हणून सांगितलं, तिथं लिहून आहे."

गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मावशींनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली वाकून पुन्हा पाणी उपसायला लागल्या. मी तशीच निघून आले. रस्ताभर माझा हिशेब चालू होता, की बाईला कोणी धमकावलं असणार, नाहीतर दुसऱ्याच कोणाकडून होकार देऊन घेतला असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी दुसऱ्यांना नेहमी म्हणते. त्या दिवशी स्वतःला म्हणायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पोतं घेऊन गल्लीत उभी होते. बरोबर टँकर, आमचा पालिकेचा एक जुना कर्मचारी आणि तो साइट इंजिनिअर. त्यानं चेंबर आधीच उपसून लखलखीत करून ठेवले होते. माणूस आत उतरवायचा नाही, हा माझा नियम आहे, म्हणून सगळं वरूनच. आमचा कर्मचारी खालच्या चेंबरवर जाळी धरून बसला. मी वरच्या चेंबरमध्ये बारा संत्री टाकली आणि टँकरचा नळ उघडला.

पाणी गेलं, संत्री गेली. खालून आवाज नाही. एरवी उभ्या उभ्या चहा संपत नाही तो खालून "आलं!" ऐकू येतं. इथं चहा संपला, ग्लास धुऊन झाला, जाळीत काही नाही. खालच्या चेंबरमध्ये नुसती पाण्याची बारीक धार. तेवढ्यात माझ्याच पायाशी, वरच्या चेंबरमध्ये पाणी चढायला लागलं, आणि त्याच्याबरोबर एक पिवळं संत्रं परत आलं. मग दुसरं. भोवती जमलेली लेकरं टाळ्या पिटायला लागली, "आलं आलं, वापस आलं!"

साइट इंजिनिअरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लेव्हलची दुर्बीण लावली तेव्हा सगळं उघड झालं. तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मध्ये पाइप उतरायच्या ऐवजी वर चढला होता. समोरच्या किराणावाल्यानं न विचारताच सांगितलं, "तिथं काळा खडक लागला होता जी. फोडायची मशीन दुसऱ्या साइटवर होती. दोन दिवस थांबले अन् मग वरूनच टाकून गेले." म्हणजे पाइप खडकाच्या पाठीवरून गेला होता. पाणी त्या चढाला अडणार, मागं तुंबणार, आणि मागच्या घरांपैकी जे सगळ्यात खाली, त्याच्यात शिरणार. ते घर मावशींचं.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, पण कागदाच्या बाहेर त्यांना दिसत नाही. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझं प्रमाणपत्र, दुसरा बंद झालेली शिकायत. "मी ठेकेदाराला रस्ता खोदायला सांगू कशाच्या जोरावर?" असं त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं. तुम्ही म्हणता काम पूर्ण, बाई म्हणते समाधान, आणि दोघींच्या विरोधात साक्षीदार कोण, तर संत्री. शिकायत पुन्हा टाका, यावेळी बाईला नाही म्हणू द्या, मग मी ठेकेदाराला उभा रस्ता खोदायला लावतो.

मी शिकायत पुन्हा टाकली. साइट इंजिनिअरनं पुन्हा गाडी आणली, पुन्हा उपसलं, पुन्हा फोटो पाठवला. दिवाळीला पंधरा-सोळा दिवस उरले होते.

फोन आला त्या दिवशी मी योगायोगानंच तिथं होते. मोरीच्या तळाची उंची मोजायला अंगणवाडीत गेले होते. मावशी माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, आणि ते बरोबरच होतं. जेवणाची वेळ, पंधरावीस लेकरांचा कल्ला, मावशींचे दोन्ही हात खिचडीनं भरलेले. कोनाड्यातला फोन वाजला. "जरा मोठ्यानं लावून द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. मी स्पीकर लावून त्यांच्या कानाशी धरला.

पलीकडची मुलगी एका दमात म्हणाली, "नमस्कार, आपके द्वारा दर्ज कराई गई मल-जल निकासी संबंधी शिकायत का समाधान हो गया है क्या, क्या आप संतुष्ट हैं?"

मावशींचा चेहरा एकदम निवला. पोरीसारखा उजळला म्हटलं तरी चालेल. "हाव माय," त्या म्हणाल्या, "समाधान हाये. चांगलं समाधान हाये. तू बरी आहेस ना?"

"जी, धन्यवाद," मुलगी म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. मावशी पळीनं खिचडी वाढता वाढता म्हणाल्या, "पाहा, कशी गुनाची पोरगी हाये. दुसऱ्यांदा केला तिनं फोन."

आमच्याकडे हिंदी सगळ्यांना येते. मावशीही बाजारात, बसमध्ये, रेल्वेच्या खिडकीवर झकास हिंदी बोलतात. पण मल-जल निकासी ही बाजारातली हिंदी नव्हे, ती कागदातली. तिच्यातून मावशींच्या जड कानाला ओळखीचा शब्द लागला तो एकच. आणि तो शब्द हिंदीत एक आहे, मराठीत दुसरा. हिंदीत शिकायतीचं समाधान होतं, म्हणजे ती मिटते. मराठीत समाधान माणसाला असतं. चाळीस वर्षं दोन्ही भाषा तोंडात घेऊन फिरणाऱ्या मला, मराठी मास्तराच्या मुलीला, हे कॉम्प्युटरवर वाचताना दिसलं नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "ती नालीचं विचारत होती. समाधान म्हणजे त्यांच्यात, काम झालं का, पाणी थांबलं का."

मावशींचा हात थांबला. "म्हंजे तिनं माहं नाही विचारलं?"

"नाही."

त्या हात धुऊन आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "मले वाटलं सरकारनं आता असंबी सुरू केलं. इतके वर्सं काम केलं, कोनी कधी विचारलं नाही का बाई, तुह्या मनाले समाधान हाये का? पहिल्यांदा कोनी विचारलं. मग म्या कायले नाही म्हनू? लेकरं येतेत, दोन घास खातेत, मले आवाज देतेत. समाधान त हाये. तिथं पान्याचं रडगानं कायले गाऊ?"

मला रडू आलं. माझा स्वभाव असा, की रडू आलं की आधी राग येतो, आणि त्या दिवशी तो येऊन पडायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. या बाईला मी गल्लीसमोर खोटी म्हटलं होतं. मी खाली बसले आणि सरळ सांगितलं, "मावशी, मी तुम्हाला खोटं बोलता म्हणाले. खोटं कोणी बोललं असेल तर मी. न पाहता सही केली."

"लागलं होतं मले ते," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस जेवन नाही गेलं." मग त्यांनी एक ताटली माझ्यापुढं सरकवली. "खा आता. थंड होऊन राहिली."

खिचडीत मीठ जरा जास्त होतं. मी सगळी खाल्ली.

तिसऱ्यांदा शिकायत टाकून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी कार्यालयात येऊन एक अर्ज लिहिला, हिंदीत, चार ओळींचा. अमुक लाइनचं पूर्णता प्रमाणपत्र मी दिलं होतं. ज्या दिवशी दिलं त्या दिवशी या गल्लीतली लाइन मी तपासली नव्हती. आता तपासली आहे. पाइप उलट्या उतारावर आहे. सबब माझी सही मी परत घेत आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, अपने ही पैर पर कुल्हाड़ी मार रही हो."

"साहब, पैर तो मेरा ही है ना," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर कार्यालयातल्या बाबूंनीही समजावलं, कशाला हात दाखवून अवलक्षण करता. मी म्हटलं, अवलक्षण आधीच झालंय, आता फक्त हात दाखवतेय. मग मी आत परत जाऊन साहेबांना समाधान शब्दाची गोष्ट सांगितली. ते मोठ्यानं हसले. आणि हसता हसता थांबले. खुर्चीत पुढं सरकून त्यांनी विचारलं, की मग आपल्या गावातल्या अजून किती शिकायती अशा बंद झाल्या असतील? मी म्हटलं, ते कॉम्प्युटर नाही सांगणार, दारात जाऊन मराठीत विचारावं लागेल. त्याच संध्याकाळी त्यांनी तोंडी हुकूम केला, की सीवरची कुठलीही शिकायत बंद झाली, की पालिकेचा एक माणूस त्या घरी जाईल आणि मोरी डोळ्यांनी पाहून येईल. मला त्यांनी कारण दाखवा नोटीसही दिली. दोन्ही कामं त्यांनी एकाच पेनानं केली आणि दोन्ही बरोबर केली, असं माझं मत आहे.

सही परत घेतल्यामुळं एक फायदा झाला. प्रमाणपत्र गेलं म्हणजे ठेकेदाराचं काम अपुरं ठरलं, आणि अपुरं काम त्याला आपल्या खर्चानं पुरं करणं भाग होतं. रस्ता खोदला. खडक माझ्या अंदाजापेक्षा हट्टी निघाला. दोन दिवस मशीन धडधडत होती आणि किराणावाल्याच्या बरण्या थरथरत होत्या. साइट इंजिनिअर दोन्ही दिवस खड्ड्याच्या काठावर उभा होता. पाइप नव्यानं बसला. मी पोतं आणलं, बारा टाकली, बारा मोजून घेतली. पुढचे पाच दिवस सकाळी गल्लीच्या आंघोळीच्या वेळेला जाऊन मोरी पाहिली. पाणी आलं नाही. शाळेची ती खोली पर्यवेक्षिकांनी तोवर झाडून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी पंचनामा ठेवला. पर्यवेक्षिका आल्या, साइट इंजिनिअर आला, मी होते. पंचनाम्यावर घरमालकीण म्हणून मावशींची सही लागणार होती, आणि त्या कागदावर अंगणवाडी राहणार की जाणार ते ठरणार होतं. कागद साइट इंजिनिअरनं आधीच टाइप करून आणला होता. त्यानं पेनाचं टोपण काढून पेन मावशींपुढं धरलं.

मावशींनी पेन घेतलं नाही. पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, "वाचा, मॅडम. एकेक शब्द. अन् त्याचा आपल्या बोलीत अर्थ सांगा."

मी वाचायला लागले. आज दिनांक, उपस्थित पंच, गली का नाम. प्रत्येक शब्दाला त्या मान हलवायच्या, मग पुढं. पर्यवेक्षिकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटच्या ओळीवर आले: कार्य संतोषजनक पाया गया.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "हे संतोषजनक म्हंजे कोनाचा संतोष?"

साइट इंजिनिअर म्हणाला, "सबका, मौसी."

"सबका मले नाही माहीत," मावशी म्हणाल्या. "अन् माहा संतोष नालीत नाही राहत. ते काटा."

मी ती ओळ खोडली आणि बाजूला माझी सही केली. "मग काय लिहू?"

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठल्या, मोरीपाशी गेल्या, वाकून तळहात जमिनीवर टेकवला. तिथून भिंतीच्या कडेकडेनं, लेकरं बसतात त्या कोपऱ्यापर्यंत, दर दोन हातांवर हात टेकवत आल्या. हात उलटा करून पाहिला. "लिहा," त्या म्हणाल्या, "आज सकाळी नऊ वाजता जमीन कोरडी हाये."

"एवढंच?" पर्यवेक्षिकांनी विचारलं. "कायमची दुरुस्ती झाली, असं लिहायला हवं."

"उद्याचं मी आज कशी सांगू, बाई? उद्याचं उद्या येऊन पाहा, असं लिहा."

मी तसंच लिहिलं, मराठीत, आणि खाली कंसात हिंदीत. मावशींनी एकेक अक्षर दाबून सही केली. पर्यवेक्षिकांनी कागद पुन्हा वाचला, जरा विचार केला, आणि आपल्या रजिस्टरात अंगणवाडी आहे तिथंच राहील असं लिहून टाकलं. मग सगळ्यात शेवटी मी सही केली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी गेले. कागदावर लिहून दिलं होतं, जाणं भागच होतं. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला आत बोलावून माझा हात धरला आणि कोरड्या जमिनीवर टेकवला. त्याच्या पुढच्या दिवशीही मी गेले.